घाटातला गिअर आणि सपाटीवरची चाचणी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गोव्यातील रस्ते अपघातांविषयी आपल्या दैनिकात सातत्याने लिहिले जाते. अतिवेग, मद्यपान, खड्डे, धोकादायक वळणे, मोकाट गुरे या सर्वांची त्यात चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. मात्र या चर्चेत एक गोष्ट जवळजवळ कधीच येत नाही, ती म्हणजे चालकाच्या डाव्या हाताखाली असलेला गिअरचा दांडा. कोणत्या वेगाला आणि कोणत्या रस्त्यावर गाडी कोणत्या गिअरमध्ये असावी, हा विषय मेकॅनिकचा किंवा फार तर हौशी मोटारवाल्यांचा, अशी आपली समजूत झालेली दिसते. माझे म्हणणे असे की, निदान गोव्यासारख्या चढउतारांच्या राज्यात हा थेट सुरक्षिततेचा विषय आहे. तो शिकवण्याची जबाबदारी ड्रायव्हिंग स्कूलची आणि तो तपासण्याची जबाबदारी वाहतूक खात्याची आहे, आणि आज यांपैकी एकही काम नीट होताना दिसत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकचा विषय शिकवून मी निवृत्त झालो असल्यामुळे पत्रात थोडी आकडेमोड येईल, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी.

नवशिक्या चालकाला आपल्याकडे बहुधा एक पाढा पाठ करून दिला जातो: गाडी हलली की दुसरा, वीसला तिसरा, तीस-पस्तीसला चौथा, पन्नासच्या आत पाचवा आणि मग गाडी थांबेपर्यंत दांड्याला हात लावायचे कारण नाही. पाढा अगदीच चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. पाटोहून रायबंदरला जाणाऱ्या जुन्या बांधावरच्या सपाट रस्त्यावर, गाडीत एकटा चालक असताना, तो बऱ्यापैकी चालून जातो. पण त्यात गिअरचा संबंध फक्त स्पीडोमीटरच्या काट्याशी जोडलेला आहे. रस्ता चढाचा आहे की उताराचा, गाडीत एक माणूस आहे की पाच, एसी चालू आहे की बंद, रस्ता कोरडा आहे की ओला, याची त्या पाढ्यात कोठेही नोंद नाही. चालकाला खरे म्हणजे एवढेच ओळखता यायला हवे की, या क्षणी इंजिनावर किती ओझे आहे आणि ते ओझे पेलायला किंवा उतारावर गाडी रोखून धरायला इंजिनाचे पुरेसे फेरे हाताशी आहेत की नाहीत.

हे ओळखण्याची सवय शिकाऊ गाडीत लागणे कठीण जाते, आणि त्याचे कारण गाडीच्या रचनेतच आहे. प्रशिक्षकाच्या पायाशी स्वतंत्र क्लच आणि ब्रेक असतो. सुरक्षिततेसाठी तो असायलाच हवा, परंतु घाईत असलेला प्रशिक्षक गाडी धक्के देऊ लागली की स्वतःच्या पायाने क्लच दाबतो, कधी स्वतःच दांडा ओढून खालचा गिअर टाकतो आणि शिकणाऱ्याला फक्त स्टीअरिंग सांभाळायला सांगतो. गाडी का धडधडली, कोणत्या क्षणी तिला खालचा गिअर हवा होता, हे शिकणाऱ्याच्या पायाला आणि कानाला कळतच नाही. आमच्या फोंड्यातच मी अशी शिकवणी अनेकदा पाहिली आहे. फर्मागुढीच्या चढावर शिकाऊ गाडी चौथ्या गिअरमध्ये घुसमटते, मागे कदंबाची बस हॉर्न वाजवते, प्रशिक्षक आपला पाय चालवतो आणि चढ संपतो. शिकणारा मात्र आपण चौथ्या गिअरमध्ये चढ चढलो असे समजून घरी जातो.

आता ती आकडेमोड. सुमारे 1.2 लिटरचे पेट्रोल इंजिन असलेली, आपल्याकडे घरोघरी दिसणारी लहान गाडी घेऊ. अशा गाडीत पहिल्या गिअरचे प्रमाण, म्हणजे गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा पडायला इंजिनाचे किती फेरे लागतात ते, साधारण 3.5, दुसऱ्याचे 1.9, तिसऱ्याचे 1.3, चौथ्याचे 1 आणि पाचव्याचे 0.75 असते, त्यापुढे चाकांना फेरे वाटून देणाऱ्या डिफरन्शियलमध्ये आणखी सुमारे 4.1 चे प्रमाण असते. चाकाचा परीघ 1.85 मीटर धरला तर इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असताना गाडीचा वेग पहिल्यात ताशी 15 किलोमीटर, दुसऱ्यात 28, तिसऱ्यात 42, चौथ्यात 54 आणि पाचव्यात 72 च्या आसपास येतो. हेच उलट बाजूने पाहू. ताशी 40 किलोमीटर या एकाच वेगाला इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे 2800 फेरे घेते, तिसऱ्यात 1900, चौथ्यात 1500 आणि पाचव्यात जेमतेम 1100. वेग तोच आहे, पण इंजिनाची अवस्था प्रत्येक गिअरमध्ये वेगळी आहे.

या गाडीचे माणसांसह वजन 1200 किलो धरू. सपाट रस्त्यावर ताशी 40 च्या वेगाने चालायला तिला तीनेक अश्वशक्ती पुरते, कारण टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांपलीकडे काम नसते. तोच वेग बारास एक अशा चढावर, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणाऱ्या रस्त्यावर टिकवायचा झाला, तर सतरा अश्वशक्तीच्या आसपास लागते. सहापटीला थोडेच कमी. असे इंजिन 1100 फेऱ्यांना पूर्ण ॲक्सिलरेटर दाबूनही बाराच्या आसपास अश्वशक्ती देते. याचा अर्थ पाचव्या गिअरमध्ये ताशी 40 ने तो चढ ही गाडी चढूच शकत नाही. चौथ्यात ती पाय पूर्ण दाबल्यावर कशीबशी चढेल आणि वळण आले की दम टाकील. तिसऱ्यात हातची शक्ती उरते, आणि समोर खनिजाचा टिपर रांगत असेल तर दुसरा गिअर लागतो. चढावर गाडी उचलत नाही अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांपैकी कित्येकींच्या इंजिनात काहीही बिघाड नसतो, हे कोणताही जुना मेकॅनिक सांगेल.

गाडी चुकीच्या, म्हणजे गरजेपेक्षा वरच्या गिअरमध्ये आहे हे कळण्यासाठी डॅशबोर्डकडे पाहावे लागत नाही. ॲक्सिलरेटर दाबला तरी वेग वाढत नाही, इंजिनाचा आवाज जड आणि घोगरा होतो, दांडा हाताखाली थरथरतो, तीन सिलिंडरच्या गाडीत तर आसनापर्यंत कंप येतो, आणि पेट्रोल इंजिन असेल तर टिक्-टिक् असा नॉकिंगचा आवाज ऐकू येतो. यानंतरही चालक पाय दाबत राहिला, तर प्रत्येक स्फोटाचा जोर सावकाश फिरणाऱ्या क्रँकशाफ्टवर आणि बेअरिंगवर हातोड्यासारखा बसतो. टर्बो, म्हणजे धुराच्या झोताने फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, असलेल्या नव्या पेट्रोल इंजिनांत कमी फेऱ्यांवर जास्त भार टाकल्यास ठिणगीच्या आधीच इंधन पेट घेण्याचा प्रकार होतो, आणि तो पिस्टनला घातक ठरतो. टर्बो डिझेल गाडीची तऱ्हा आणखी निराळी. 1500 फेऱ्यांच्या खाली टर्बोला पुरेसा झोत मिळत नाही, त्यामुळे गाडी मेल्यासारखी वाटते, आणि चालक क्लच अर्धा दाबून फेरे वाढवायला जातो. हाफ क्लचवर चढ चढणे म्हणजे क्लच प्लेट जाळणे. आल्तिनोच्या अरुंद चढांवर पावसाळ्याच्या सकाळी जो करपट वास येतो तो बहुतेक वेळा याच प्लेटचा.

वरचा गिअर म्हणजे कमी पेट्रोल, या समजुतीने गाडी पिळणारे लोक पुष्कळ आहेत. सपाट रस्त्यावर आणि स्थिर वेगात ती समजूत खरी आहे, यात शंका नाही. कमी फेऱ्यांना घर्षण कमी होते आणि हवेचे झाकण अधिक उघडे राहिल्याने इंजिनाला श्वास घ्यायला कमी कष्ट पडतात. चढावर मात्र पाय शेवटपर्यंत दाबावा लागला की संगणक सिलिंडरमध्ये जादा इंधन सोडतो आणि बचतीचा हिशेब उलटतो. हल्लीच्या गाड्यांत डॅशबोर्डवर वर-खाली बाण दाखवून गिअर बदलण्याची सूचना मिळते. ती सूचना मुख्यतः इंधनबचतीसाठी बसवलेली असते. पुढे वळण आहे, उतार आहे किंवा ट्रक आडवा आला आहे, हे त्या बाणाला दिसत नाही.

चढावरची चूक इंजिनाला आणि खिशाला भोवते. उतारावरची चूक जिवावर बेतते, म्हणून आता उताराकडे वळतो.

गोव्याच्या पूर्वेकडील रस्त्यांनी वर गेलेला प्रत्येक वाहनचालक परत खाली येतो. चोर्ला घाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंचीवर आहे आणि तेथून केरी-साखळीकडे येताना रस्ता सलग वळणे घेत उतरतो. अनमोडहून मोलेकडे उतरताना तसेच. काणकोणच्या वाटेवरचा करमल घाट उंचीने लहान, पण वळणांनी तोही कमी नाही. 1200 किलोची गाडी 500 मीटर खाली आणताना तिच्यातून जी ऊर्जा बाहेर पडते, ती साधारण वीस लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी असते. त्यातला काही वाटा हवा आणि टायर खातात. उरलेला वाटा कोणी तरी घ्यायचाच असतो, आणि तो घेणारे दोघेच असतात: एक ब्रेक आणि दुसरे इंजिन. गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलला असेल, तर जवळजवळ सगळा भार ब्रेकवर पडतो, आणि पुढच्या चाकांतल्या दोन लहान डिस्कांना त्या वीस लिटरांची उष्णता पचवावी लागते.

इंजिन हा भार कसा घेते? ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की पेट्रोल इंजिनातले हवेचे झाकण बंद होते आणि पिस्टनांना बंद तोंडाच्या नळीतून हवा ओढावी लागते. तो विरोध आणि आतले घर्षण मिळून गाडीला मागे धरतात. हा रोध गिअरमधून चाकांकडे जाताना वाढत जातो. वर दिलेल्या प्रमाणांनुसार दुसऱ्या गिअरमध्ये तो चाकांपाशी जवळपास आठपट होतो, तर पाचव्यात तिप्पटच राहतो. शिवाय दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरत असल्यामुळे मूळ रोधही जास्त असतो. डिझेल इंजिनात साधारणपणे हे झाकणच नसल्यामुळे रोध मुळात कमी, आणि म्हणूनच मोठ्या ट्रक-बसना धुराची वाट अडवून इंजिनाचा रोध वाढवणारा वेगळा एक्झॉस्ट ब्रेक दिलेला असतो. अनमोड घाटातून माल भरून उतरणारे ट्रकवाले हे सगळे पोटापाण्यामुळे शिकलेले आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा त्यांचा जुना दंडक आहे, आणि त्यांच्या मागे अडकलेले कारवाले ज्या संथपणाला वैतागून वळणावर ओव्हरटेक करतात, तो संथपणा या दंडकातूनच येतो.

न्यूट्रलला टाकून उतरण्याची सवय कार्ब्युरेटरच्या काळातली आहे. तेव्हा गाडी गिअरमध्ये असताना उतारावरही थोडे पेट्रोल जातच असे, त्यामुळे न्यूट्रलने बचत होते असे मानायला काही आधार तरी होता. इंजेक्शनच्या आजच्या गाड्यांत तोही उरलेला नाही. गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला आणि फेरे ठरावीक मर्यादेच्या वर असले, तर इंजेक्टर इंधन सोडणे पूर्णपणे बंद करतात. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन जळतच राहते. म्हणजे उतारावर न्यूट्रलला जाणारा चालक पेट्रोल जास्त खर्च करून आपला एक ब्रेक घालवतो. काही महाभाग याहून पुढे जाऊन किल्लीच फिरवतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-चार वेळा पाय दाबल्यावर संपते, पॅडल दगडासारखे कडक होते, पॉवर स्टीअरिंग जड पडते, आणि किल्ली जास्त मागे गेली तर काही गाड्यांत स्टीअरिंगला कुलूपही लागते. यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

ब्रेक तापल्यावर काय घडते, ते मी केरीच्या बाजूला घाट संपल्यावर रस्त्याकडेला उभ्या केलेल्या एका काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाडीवर जवळून पाहिले आहे. पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. डिस्कचा रंग कडेला जांभळट पडला होता. गाडीतले कुटुंब घाबरून बाजूला उभे होते आणि चालक पाण्याची बाटली चाकावर ओतायच्या बेतात होता. त्याला थांबवावे लागले, कारण तापलेल्या डिस्कवर एकदम थंड पाणी पडले तर ती वाकडी होते किंवा तडकते. गाडी कोणत्या गिअरमध्ये आणली, असे विचारल्यावर त्याने अतिशय प्रांजळपणे उत्तर दिले की, वरून निघाल्यापासून चौथ्यातच आहे, वेग तर फक्त चाळीस होता. वेगमर्यादा त्याने पाळली होती, आणि इतर वेळी आपण चालकाकडून याहून अधिक काही मागतही नाही.

अशा गाडीत दोन प्रकारचे संकट संभवते. पॅड अतितापले की त्यांची पकड घसरते, आणि पाय जास्त दाबूनही गाडी थांबत नाही. दुसरे संकट अधिक दगाबाज आहे. ब्रेकमधले तेल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट 3 प्रकारच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषलेल्या तेलासाठी तोच किमान 140 अंशांवर येतो. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आणि उरलेले महिने समुद्राच्या दमट हवेत काढणाऱ्या आपल्या प्रदेशात हे तेल दर दोन वर्षांनी बदलायला हवे. ते बदलणारे किती, हे प्रत्येकाने आपापल्या सर्व्हिसच्या बिलात पाहावे. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पॅडल एकाएकी तळाला जाते. अपघातानंतर गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा तेल होते आणि ब्रेक लागू लागतात. त्यामुळे ब्रेक फेल झाले असे चालक सांगतो, पाहणारे त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत, आणि तो बिचारा खरे बोलत असण्याची पुष्कळ शक्यता असते.

खालचा गिअर टाकण्यालाही एक पद्धत आहे, आणि तीही शिकवली जात नाही. आधी ब्रेकने वेग कमी करायचा, तोही रस्ता सरळ असताना. मग गिअर खाली आणायचा आणि क्लच हळूहळू सोडायचा. वळणाच्या मधोमध, ओल्या रस्त्यावर, वेग न घटवता दुसरा गिअर टाकून क्लच धाडकन सोडला, तर पुढची चाके क्षणभर अडतात आणि गाडी स्टीअरिंगचे ऐकत नाही. पावसाळ्यात शेवाळलेल्या कडेला त्याचा परिणाम काय होईल हे सांगायला नको. महामार्गावरची एक चूकही येथेच नोंदवतो. झुवारीच्या नव्या पुलावरून ताशी 100 ने येणाऱ्या चालकाने पाचव्यातून चौथ्यात येताना घाईत दांडा दुसऱ्यात घातला, तर इंजिनाला 7000 फेरे घ्यावे लागतात. फेऱ्यांवर मर्यादा ठेवणारी यंत्रणा अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण ती इंधन तोडू शकते, पण चाकांकडून उलट फिरवले जाणारे इंजिन तिला थांबवता येत नाही. वेग जास्त असेल तेव्हा गिअर एकेक पायरीने आणि दांडा सैल धरून खाली आणावा.

ऑटोमॅटिक गाडी असणाऱ्यांनी हे पत्र येथे सोडून देऊ नये. एएमटी गाडी, म्हणजे जिच्यात क्लच आणि गिअर यंत्रणाच बदलते ती, डी या नेहमीच्या खुणेवर ठेवली तर उतारावर पाय उचलताच ती बऱ्याचदा वरचा गिअर घेते. तिच्या दांड्याला जी मॅन्युअलची जागा दिलेली असते ती घाटासाठीच आहे असे समजावे. इतर प्रकारांत त्यासाठी एल किंवा एस अशी खूण असते.

आता या सर्वांचा शासनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 15 वाहन चालवण्याच्या चाचणीविषयी आहे. उमेदवाराने काय काय करून दाखवावे, याची यादीच त्यात दिलेली आहे. टॉप गिअरपर्यंत सर्व गिअर टाकत गाडी सुरळीत पुढे नेणे, रहदारीची स्थिती तशी असल्यास टॉप गिअरमधून चटकन खालच्या गिअरमध्ये येणे, उतारावरून जाताना चटकन खालचा गिअर घेणे, तीव्र चढावर गाडी थांबवून हँडब्रेकच्या साहाय्याने किंवा ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांचा मेळ घालून मागे न घसरता पुन्हा सुरू करणे, या गोष्टी त्यात स्वच्छ शब्दांत आहेत. नियम करणाऱ्यांना गिअरचे महत्त्व माहीत होते. परंतु मी पाहिलेल्या चाचण्या मोकळ्या सपाट जागेवर झाल्या, आणि त्यांत गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या पुढे गेल्याचे क्वचितच दिसले. आठाचा आकडा काढून दाखवणारा उमेदवार उतारावरचा गिअर कसा सिद्ध करणार, हे समजत नाही. सपाट मैदानात उतार आणता येत नाही हे मान्य; पण गोव्यात चढ शोधायला लांब जावे लागते, असे तर कोणी म्हणू शकत नाही. फोंड्याला फर्मागुढी आहे, पणजीला आल्तिनो आहे, वास्कोला मांगोरहिल आहे, आणि बांबोळीचा चढ तर सर्वांच्याच वाटेवर आहे. चाचणीचा काही भाग अशा रस्त्यावर, कमी रहदारीच्या वेळी घेतला, तर नवा नियम करावा लागणार नाही, आहे त्याच नियमाची अंमलबजावणी होईल. ड्रायव्हिंग स्कूलच्या प्रशिक्षकांनीही चढावर निदान काही वेळ स्वतःचे पाय पॅडलांवरून बाजूला ठेवावेत.

चढावर थांबून पुन्हा निघण्याचे कौशल्य तर रोजच्या वापरातले आहे. अरुंद डोंगरी रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या, तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यावी असा वाहतुकीचा नियम आहे. आपल्याकडे उतरणारा दिवे चमकवत येतो, चढणारा निमूटपणे थांबतो, आणि मग हँडब्रेक लावायची सवय नसल्यामुळे निघताना दोन हात मागे घसरून मागच्या स्कूटरवाल्याच्या काळजात धस्स करतो.

दुसरी सूचना भाड्याने गाड्या देणाऱ्यांसाठी आहे. पर्यटक आले म्हणून अपघात वाढले, असा सरसकट ठपका ठेवणाऱ्यांत मी नाही. घाटात न्यूट्रलला गाडी सोडणारे आपले लोकही भरपूर पाहिले आहेत. पण सपाट शहरात शिकलेला, घाट कधीच न उतरलेला माणूस चावी घेऊन चोर्ल्याकडे किंवा अनमोडकडे निघत असेल, तर त्याला गाडीवरचे ओरखडे दाखवताना आणखी दोन वाक्ये सांगायला काय हरकत आहे? घाटात दुसरा किंवा तिसरा गिअर, न्यूट्रल नाही, ब्रेकवर पाय ठेवून बसायचे नाही, वास आला तर थांबायचे आणि पाणी ओतायचे नाही. एवढा मजकूर स्टीअरिंगसमोर चिकटवलेल्या एका कागदावर मावतो. वाहतूक खाते परवान्याच्या अटींत तो सहज घालू शकेल.

तिसरी सूचना पाट्यांची. आपल्या घाटांत तीव्र उताराची त्रिकोणी खूण दिसते, वळणाची दिसते, सावकाश जा असे लिहिलेले दिसते. पण सावकाश जाण्यासाठी काय करायचे, ते लिहिलेले नसते. त्यामुळे चालक पाय ब्रेकवर ठेवतो, आणि पुढचे सर्व वर आलेच आहे. ब्रिटनमध्ये तीव्र उताराच्या खुणेखाली खालचा गिअर वापरण्याची स्पष्ट सूचना लावतात. तशी सूचना येथे मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत लावावी. घाटमाथ्यांचा काही भाग शेजारच्या राज्याच्या हद्दीत येत असल्यामुळे सार्वजनिक बांधकाम खात्याला त्यासाठी तिकडच्या खात्याशी पत्रव्यवहार करावा लागेल, पण तो टाळून चालणार नाही. पाटी उतार सुरू झाल्यावर पहिल्या वळणाच्या तोंडाशी लावली, तर तिचा उपयोग फारसा होणार नाही. गिअर बदलायचा असतो तो रस्ता सपाट आणि सरळ असतानाच, म्हणून ती उताराच्या आधी निदान शंभर मीटर असावी, आणि घाटाच्या मध्यावर एकदा पुन्हा यावी.

आपला नम्र,
एक निवृत्त आयटीआय निदेशक,
फोंडा, गोवा